आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: जुनी कॅम्पर चढावर का तापते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला आहे का हे तुम्हालाही कळेल. १९८६ ची फोक्सवॅगन टी-३ कॅम्पर, मागे २.१ लिटरचे पाण्याने थंड होणारे इंजिन. सपाट रस्त्यावर काही त्रास नाही. लांब चढ लागला की तापमानाचा काटा वर सरकू लागतो. दर दोन-तीनशे किलोमीटरला दीड-दोन लिटर पाणी घालावे लागते. पुढचा हीटर कधी गरम वारा देतो, कधी गार. गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डच्या मागे गुडगुड ऐकू येते. तुम्ही थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदललात, मग रेडिएटर नवा बसवलात, फरक शून्य. आता वॉटर पंप मागवायचा विचार आहे आणि हे घरी जमेल का, असे विचारता आहात.

घरी जमेल. पण पंप अजून मागवू नका.

राग मानू नका, पण आतापर्यंत जे झाले त्याला आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणायचे. बंब नवा कोरा आहे, आग मात्र दुसरीकडे लागली आहे. ‘गाडी तापते’ हेच दुखणे असे तुम्ही धरून चाललात, ते लक्षण आहे. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात मोलाचे वाटले ते काट्याबद्दलचे वाक्य नव्हे, पाण्याबद्दलचे. इंजिन थंड ठेवणारी ही व्यवस्था बंदिस्त असते. धडधाकट गाडीला महिनोन्‌महिने पाणी घालावे लागत नाही. तुमच्याकडे दोन-तीनशे किलोमीटरमध्ये दीड-दोन लिटर जाते आणि गेलेल्या पाण्याची जागा हवा घेते. हीटर मधेच गार पडणे आणि ती गुडगुड या त्या हवेच्याच खुणा आहेत. हवा अडकली की प्रवाह तुटतो. सपाटीवर इंजिन कमी उष्णता बाहेर टाकते म्हणून निभावून जाते, चढावर निभत नाही. या सगळ्या साखळीत रेडिएटर कुठेच येत नाही. उलट तो बदलताना तुम्ही सगळे पाणी काढून पुन्हा भरलेत, म्हणजे हवेला आत शिरायची आणखी एक संधी दिलीत.

या गाडीची मांडणीच हवा अडकायला सोयीची आहे. इंजिन मागे, रेडिएटर सगळ्यात पुढे, आणि दोघांना जोडणारे दोन लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. शिवाय एक हीटर पुढे डॅशबोर्डमध्ये आणि बहुतेक कॅम्परमध्ये दुसरा मागच्या सीटखाली. सगळे मिळून साधारण १६ ते १७ लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पाणीमिश्रित द्रव, बसते. छोट्या मोटारीत पाच-सात लिटरमध्ये भागते. सांधे जास्त म्हणून गळतीच्या जागा जास्त, आणि पाइपांचे चढउतार जास्त म्हणून हवेला दडून बसायच्या जागाही जास्त.

आता इथे बसून मला जे कळू शकत नाही तेही सांगतो, कारण पुढचे बरेच त्यावर अवलंबून आहे. काटा लाल भागात गेल्यावर तुम्ही किती वेळ गाडी चालवली? आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे नुसते नळाचे पाणी घातले होते का? हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणे, आधी कधी उघडली गेली आहेत का? या तिन्हींची उत्तरे वाईट निघाली तर काम घरच्या अंगणातून बाहेर जाऊ शकते. पण ते ठरवायच्या चाचण्या मात्र घरीच होतात, आणि क्रमाने केल्या तर एका सुटीत उरकतात.

पहिली गोष्ट, काटा खरे बोलतो आहे का ते बघा. हे वेळ काढणे वाटेल, पण चाळीस वर्षांच्या वायरिंगवर आंधळा विश्वास ठेवू नये. या गाडीत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच छोट्या स्टॅबिलायझरवर चालतात, जो त्यांना ठरावीक १० व्होल्ट पुरवतो. तो बिघडला की दोन्ही काटे एकदम वर चढतात. म्हणून पुढच्या वेळी तापमानाचा काटा वर गेला की शेजारी नजर टाका. पेट्रोलची टाकी आपोआप भरल्यासारखी दिसायला लागली तर इंजिन नव्हे, डॅशबोर्ड आजारी आहे. दुसरे, या गाडीत काटा डायलच्या मधल्या छोट्या दिव्यापाशी उभा राहणे हे नेहमीचेच आहे. बरेच नवे मालक तेवढ्यानेच घाबरतात. तो दिवा लुकलुकायला लागला तर मात्र एक तर तापमान खरेच वर गेले आहे किंवा कूलंटच्या टाकीतली पातळी खाली आली आहे. अंदाजावर राहायचे नसेल तर लांबून तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खोटे, म्हणजे बरेच कमी आकडे दाखवतो. तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा.

काटा खरा आहे असे धरून पुढे जाऊ. प्रश्न एकच: पाणी जाते कुठे?

तुम्ही लिहिले आहे की गाडीखाली कधी डबके दिसत नाही. त्यावरून गळती नाही असा निष्कर्ष काढू नका. दाबाखाली, तापलेल्या सांध्यातून जे पाणी बाहेर येते ते खाली पडायच्या आधीच वाळून जाते. मागे राहतो तो डाग, पांढरट, हिरवट किंवा गुलाबी, मिठासारखा खरखरीत. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा. आणि शोधायची सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे गाडी पूर्ण थंड असताना हातपंपाने दाब देऊन बघणे. हा पंप कूलंटच्या टाकीच्या तोंडावर झाकणाच्या जागी बसतो. झाकणावर जेवढा दाब छापला असेल तेवढाच द्यायचा, तुमच्या गाडीत तो १ बारच्या आसपास असतो. जोर लावून जास्त दिलात तर जुना हीटर फोडाल आणि नवे काम ओढवून घ्याल. दाब देऊन अर्धा तास थांबा. पंपावरचा दाबाचा काटा हलला नाही तर उत्तम. उतरला तर टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे व्हा.

बघायच्या जागा मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने सांगतो. आधी मागच्या सीटखालचा हीटर. त्याचा व्हॉल्व्ह प्लास्टिकचा असतो, तो चिरतो, आणि पाणी जमिनीवर न येता गालिच्याखाली मुरत राहते. गाडीत गोडसर वास येत असेल किंवा थंडीत काचा आतून चिकट धुरकट होत असतील तर हीटरवरच बोट ठेवा. मग पोटाखालचे लांब पाइप. काही वर्षांच्या गाड्यांत ते स्टीलचे आहेत, पुढच्या काही वर्षांत प्लास्टिकचे. स्टीलचे गंजून भोके पडतात. प्लास्टिकच्या पाइपांच्या टोकांत आतून धातूची कडी असते, ती गंजली की टोक ढिले पडते आणि क्लिप कितीही आवळली तरी ठिबकत राहते. इथे क्लिप आवळत राहायचा मोह होतोच, पण त्याने टोक चिरते. पाइप बदलायचेच झाले तर स्टेनलेस स्टीलचे बसवा, पुन्हा तिकडे बघावे लागणार नाही. त्यानंतर सगळे होज, म्हणजे रबरी नळ्या. थंड असताना दाबून बघा. कुरकुर वाजला तर आतून सुकला आहे, लिबलिबीत आणि फुगलेला लागला तर त्यावर तेल पडत आले आहे. दोन्ही बदला.

मग हेडच्या खालची कड. या इंजिनात सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेला बाहेरून एक रबरी सील असते. ज्वलनकक्षाची सील वेगळी, धातूची. त्यामुळे रबरी सील गेली तर पाणी थेट बाहेर ठिबकते आणि इंजिन मात्र झकास चालत राहते. चुकीचे किंवा जुने झालेले कूलंट वर्षानुवर्षे राहिले की हेडच्या अ‍ॅल्युमिनियमला तिथेच खड्डे पडतात. ठिबक तिथून असेल तर पुढे वाचा, पण हे काम वेगळ्या इयत्तेचे आहे हे आताच मनाशी धरा.

आणि झाकण. टाकीचे ते निळे झाकण. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यांत शेवटी संशय येतो तिच्यावर. तुमच्या चढाच्या तक्रारीशी तिचा थेट संबंध असू शकतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते. अर्धे कूलंट, अर्धे पाणी असेल तर १०७ अंशांच्या आसपास. त्यावर १ बारचा दाब ठेवला की १२५ च्याही पुढे जाते. ही सगळी उसंत आपल्याला झाकण देते. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली तर ती उसंत गेली. त्यात तुम्ही चढ चढता आहात: दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. म्हणजे १५०० मीटरवर उघडे साधे पाणी ९५ अंशांना उकळणार, आणि तुमचा थर्मोस्टॅट तर उघडायलाच ८७ अंशांच्या आसपास सुरुवात करतो. मधे उरले किती? आठ अंश. तुम्ही इतके दिवस वरून साधे पाणी घालत आला आहात, म्हणजे आतले कूलंट आता बरेच पातळ झालेले आहे. नादुरुस्त झाकण, पातळ कूलंट आणि चढ, तिन्ही एकत्र आले की दुसरा कुठलाही बिघाड नसतानाही गाडी उकळू शकते. झाकणाला एक उलटा व्हॉल्व्हही असतो, गाडी थंड होताना आतला दाब घटतो तेव्हा तो उघडायला हवा. तो अडकला तर सकाळी होज आत खेचून चपटे झालेले दिसतात. तसे दिसले तर झाकण आधी बदला.

इथवर थांबून बघू. काटा खरा आहे की नाही ते कळले. दाब टिकतो की नाही ते कळले. दाब टिकला नाही तर गळती सापडली असेल, ती दुरुस्त करा. पण दाब टिकला, तरीही पाणी जातेच आहे, असे झाले तर? तर मग ते बाहेर नाही, इंजिनात जाते आहे, किंवा इंजिनातला वायू पाण्यात शिरून त्याला झाकणातून बाहेर ढकलतो आहे.

यासाठी एक रासायनिक चाचणी मिळते. टाकीच्या तोंडावर एक नळी धरून तिथली हवा निळ्या द्रवातून ओढायची. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचे पिवळे होते. इंजिन गरम करून, टाकीतली पातळी थोडी कमी ठेवून करा, नाहीतर कूलंटच नळीत येते आणि चाचणी फुकट जाते. हे साहित्य नसेल तर हाताचीही एक चाचणी आहे, ती शेवटी सांगतो.

समजा वायूची चाचणी स्वच्छ आली आणि गळतीही मिटली. आता हवा काढायची. घरी दुरुस्ती करणारे इथेच सगळ्यात जास्त फसतात आणि त्यात मीही आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीचे सगळे होज मी स्वतः बदलले. टाकी काठोकाठ भरली, दहा मिनिटे इंजिन संथ चालू ठेवले, काटा जागेवर, मी खूश. निघालो. पंधरा किलोमीटरवर मागून गरम धातूचा वास आला. काटा खालीच होता! सेन्सरभोवती पाणीच नव्हते, तो वाफेत उभा होता, आणि वाफेत तो धड काही मोजत नाही. एक हेड गेले. नंतर हिशोब केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: बादलीत काढलेले १६ लिटर होते, परत गेले होते जेमतेम १२. चार लिटर हवा घेऊन मी चढ चढत होतो. तेव्हापासून माझा नियम आहे, काढलेले मापून ठेवायचे आणि भरलेले मापून भरायचे. दोन आकड्यांत अर्ध्या लिटरहून जास्त फरक राहिला तर गाडी अंगणाबाहेर जात नाही.

संथ चालवून हवा का निघत नाही, हे समजले की पुढची पद्धत पाठ करावी लागत नाही. हवा वर चढते आणि पंप तिला खाली ढकलायला बघतो. मागून पुढे जाणारा पाइप पोटाखाली सर्वांत खालच्या पातळीला आहे. इंजिन संथ असताना पंपाचा जोर तिला तिथून रेटून नेण्याइतका नसतो. मग दोन उपाय उरतात: गाडीचे नाक उचलून रेडिएटरच सगळ्यात उंच करायचा, आणि इंजिनचे फेरे वाढवून प्रवाहाला जोर द्यायचा.

नाक साधारण ४० सेंटिमीटर वर हवे. मजबूत स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको, आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका. पुढची वरची जाळी काढली की रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा सोडायचा स्क्रू दिसतो. पुढच्या हीटरचा दांडा पूर्ण गरमवर, सीटखालच्या हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. हा विसरला तर त्या फांदीतली हवा तशीच राहते. काही इंजिनांना मागच्या कप्प्यातही हवा सोडायची एक चकती किंवा नळ असतो, तुमच्याकडे असेल तर तोही उघडा. इंजिन थंड असताना टाकी सावकाश भरा. भराभर ओतू नका, हवेला बाहेर पडायला वेळ द्या. पातळी स्थिर झाली की इंजिन चालू करा आणि फेरे मिनिटाला २००० च्या आसपास धरून ठेवा. इथे दोन माणसे लागतात, एक टाकीपाशी ओतत राहील आणि दुसरा पुढच्या स्क्रूपाशी बसेल. हे काम एकट्याने करायचा हट्ट धरू नका. स्क्रू उघडला की आधी नुसता फुसफुस आवाज, मग थुंकल्यासारखे शिंतोडे, मग सलग धार. धार सलग झाली की लगेच बंद करू नका, आणखी अर्धा मिनिट जाऊ द्या, कारण मागून दुसरा बुडबुडा येतच असतो. मधेच हाताशी येणारे होज दाबून सोडा, अडकलेले बुडबुडे हलतात. मग स्क्रू बंद, मागचा नळ असेल तर तोही बंद, टाकी भरून झाकण लावा.

आता इंजिन पूर्ण तापू द्या, पुढचा पंखा आपोआप सुरू होईपर्यंत. दोन्ही हीटरमधून सारखा गरम वारा यायला हवा. आला नाही तर हवा अजून आहे, पुन्हा करा. मला स्वतःला पहिल्या फटक्यात क्वचितच जमते. गाडी खाली घेऊन दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्यावर फिरवा, रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पातळी बघा. पहिल्या दोन-तीन सकाळी थोडी उतरते, ते ठीक आहे. चौथ्या दिवशीही उतरत असेल तर गळतीच्या शोधाकडे परत जा.

भरायचे काय, हे राहिले. तुमची हेड अ‍ॅल्युमिनियमची आहेत, म्हणून फॉस्फेटविरहित कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट आतून अगदी वेगळी असू शकतात, आणि विसंगत रसायने एकत्र आली तर चिखलासारखा गाळ होतो. आत काय आहे ते नक्की माहीत नसेल तर सगळे धुऊन काढा: हीटरचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून, स्वच्छ पाणी येईपर्यंत, आणि शेवटचे पाणी डिस्टिल्डच. धुतल्यावरही बरेचसे पाणी इंजिनाच्या आणि हीटरच्या पोटात राहते. आधी तयार मिश्रण भराल तर ते त्या पाण्याने पातळ होईल. म्हणून मी आधी आठ लिटर निव्वळ कूलंट ओततो आणि मग जेवढे मावेल तेवढे डिस्टिल्ड वॉटर. अर्धे-अर्धे जमते. ‘जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड’ हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस आहे, कूलंट गंज थांबवते, गोठू देत नाही आणि उकळणे लांबवते. काढलेले जुने कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते चवीला गोड असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि थोडेसेही त्यांच्या जिवावर बेतते. गळती बुजवणारी भुकटी किंवा द्रव टाकायचा मोह होईल. ती गळतीबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. नको.

एवढे करूनही चढावर काटा चढला तर पुढची तपासणी हाताच्या तळव्याने आणि थर्मामीटरने होते. गरम इंजिन, पंखा चालू, आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या व तिथून परतणाऱ्या दोन्ही पाइपांचे तापमान घ्या. जाणारा चांगला गरम आणि परतणारा त्याहून स्पष्ट गार, तर रेडिएटर काम करतो आहे. परतणारा पार थंड असेल तर प्रवाहच नाही: हवा, थर्मोस्टॅट किंवा पंप. दोन्ही जवळपास सारखेच गरम, तर पाणी फिरते आहे पण रेडिएटरमधून वारा जात नाही. इथे तुमच्या नव्या रेडिएटरबद्दल एक शंका: बसवताना त्याच्या कडांच्या फोमच्या पट्ट्या आणि बाजूची आडोशाची पत्रे परत लावली का? ती नसतील तर पुढून येणारा वारा सोपी वाट धरतो आणि रेडिएटरला वळसा घालून निघून जातो. तुम्ही बदललेला थर्मोस्टॅटही एकदा तपासायला हरकत नाही. दोऱ्याने टांगून, भांड्याच्या तळाला टेकू न देता, पाण्यात तापवा आणि थर्मामीटर लावून कधी उघडतो ते बघा. नवा म्हणजे चांगला, असे नसते.

पंखा दोन गतींचा आहे. पहिली गती वीज कमी करणाऱ्या एका रेझिस्टरमधून जाते आणि तो जळाला की पंखा थेट दुसऱ्या, मोठ्या गतीवरच सुरू होतो, तेही बऱ्याच उशिरा. रेडिएटरवरच्या स्विचचा कनेक्टर काढून तारेने दोन-दोन टोके जोडून बघा, दोन्ही गती मिळाल्या पाहिजेत. बोटे लांब ठेवा, चावी काढलेली असली तरी हा पंखा सुरू होऊ शकतो. आणि एक साधा ठोकताळा: गर्दीत, थांबून तापते तर पंखा बघा. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते तर पंख्याचा दोष नाही, तिथे वारा फुकट मिळतोच.

आता तुमचा पंप. त्याच्या अंगाला एक छोटे छिद्र असते. आतली सील गेली की तिथून ओघळ येतो आणि वाळून डाग राहतो. पट्टा उतरवून पुली हाताने हलवा, खडखड किंवा डगमग जाणवली तर बेअरिंग गेले आहे. पट्टा ढिला असेल तर पंप चांगला असूनही घसरतो, विशेषतः चढावर जोर पडला की. यातले काहीच नसेल, हवा नक्की निघालेली असेल आणि तरी परतीचा पाइप थंड असेल, तेव्हा पंपाची पाती झिजल्याचा संशय घ्या. तेव्हा खुशाल मागवा. बदलणे घरी जमते, फक्त जुने बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवा आणि घाईने पाना ओढू नका.

कूलिंगशी संबंध नसलेलीही कारणे आहेत, ती थोडक्यात. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडले असेल, हवा-पेट्रोलचे मिश्रण फार पातळ असेल किंवा ब्रेक घासत असतील तर इंजिन जास्तच उष्णता निर्माण करते. आणि कॅम्पर जड असते. छपरावर, कपाटांत, पाण्याच्या टाक्यांत काय काय भरले आहे ते एकदा मोजा.

हेड काढायचे ठरले तर माझे मत असे: इंजिन खाली उतरवायची सोय, टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) आणि भरपूर वेळ यातले एक जरी नसेल तर घरी हात घालू नका. गंजलेला स्टड तुटला की तो बाहेर काढण्यातच दिवस जातो, आणि हेडच्या कडेला खड्डे असतील तर नवी सील लावूनही गळती परत येते. हेड वेल्डिंग करून सपाट करायचे की बदलायचे, ते उघडून बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

दरम्यान चढावर काटा चढलाच तर दोन्ही हीटर पूर्ण गरमवर करा, उन्हाळा असला तरी. ते दोन छोटे रेडिएटरच आहेत. वरच्या गिअरमध्ये रखडत चढू नका, खालच्या गिअरमध्ये फेरे थोडे जास्त ठेवा म्हणजे पंपही जोरात फिरतो. लाल भागाकडे जायला लागला तर थांबा. झाकणाला हात लावू नका, होज हाताने सहज दाबता येईल इतका मऊ होईपर्यंत थांबा. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतणे तर मुळीच नको.

ती हाताची चाचणी राहिली. रात्री उभी केलेली गाडी, सकाळी पूर्ण थंड. झाकण उघडून आतला दाब सोडा आणि परत घट्ट लावा. इंजिन चालू करा आणि मागच्या कप्प्यातला एक जाड होज हातात धरून बसा. पाणी अजून कोमटही झालेले नसताना, पहिल्या एक-दोन मिनिटांतच तो टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, ज्वलनाच्या वायूचा आहे, आणि बाकीचे सगळे बाजूला ठेवून हेडचाच विचार करावा लागेल. मऊ राहिला तर वरच्या क्रमाने सुरुवात करा. काहीही मागवण्याआधी उद्या सकाळी एवढे करून बघा आणि होज टणक होता की मऊ, तेवढे कळवा.